चार गाईंचा गोठा : वाचकांचे प्रश्न

लहान गोठे का मोडत चालले आहेत, यावर मागच्या महिन्यात प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रांत पहिली तक्रार दुधाच्या दराची आहे आणि ती खरी आहे. पण त्याच पत्रांतले आकडे मांडून पाहिले, तर दराच्या आधी इतर ठिकाणी पैसा गळताना दिसतो. म्हणून ज्या पत्रांत आकडे होते ती आधी घेतली. उत्तरं दूध संकलन, पशुआहार आणि पशुवैद्यकीय कामात असलेल्यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न (संगमनेर तालुका) : चार संकरित गाई आणि दोन कालवडी आहेत. दोन गाई दुधात, एक आटलेली, एक चार वेळा भरवूनही उलटते (गाभण राहत नाही). दूध रोज २४ लिटर, दर ३१ रुपये. पेंड रोज ११ किलो, ३२ रुपये किलोची. हिरवी वैरण थोडी घरची, बाकी रोज दोनशे रुपयांची विकत. दुधाच्या दहा दिवसांच्या पगारातून पेंडेची उधारी कापली की हातात काही राहत नाही. गोठा मोडावा का?

उत्तर : तुमच्याच आकड्यांनी एक दिवस मांडू. दुधाचे ७४४ रुपये आले. पेंडेला ३५२ आणि वैरणीला २०० गेले. खनिज मिश्रण, औषध, कृत्रिम रेतन, वीज यांची रोजची सरासरी ४५ धरली, तरी ५९७ झाले. उरले १४७. दोन माणसं सकाळ-संध्याकाळ राबतात त्याची ही मजुरी. ती तुम्ही खर्चात धरत नाही, म्हणून गोठा अजून चालू आहे.

आता गळती कुठे आहे ते पाहा. गाय व्यायल्यापासून पुढच्या वेतापर्यंत १३ महिने लागले आणि शेवटचे दोन महिने ती आटवली, तर ११ महिने दूध मिळतं. अशा चार गाईंत कोणत्याही दिवशी सरासरी तीनाहून जास्त दुधात असतात. तेच अंतर १८ महिन्यांवर गेलं आणि दूध ११ महिनेच मिळालं, की चारांतल्या जेमतेम अडीच दुधात राहतात. तुमच्याकडे आज दोनच आहेत. तिसरी गाय १२ लिटरवर आली तर ३७२ रुपये वाढतील. वैरण ती आजही खातेच, जास्तीची लागेल ती पेंड, साधारण पाच किलो, म्हणजे १६० रुपयांची. दर एक रुपयानंही न वाढता रोजचे १४७ साडेतीनशेच्या पुढे जातात. लहान गोठ्यात भाकड गाय दुभतीच्या जिवावर जगते, आणि चारच गाई असल्या की एका भाकडीचा भार फार जड पडतो. पन्नास गाईंच्या गोठ्यात तो जाणवतही नाही.

दुसरी गोष्ट पेंडेची. दर अडीच लिटर दुधामागे एक किलो, आणि वैरण हलकी असेल तर शरीरपोषणाला वर एक किलो, असा हिशोब धरला तर १२ लिटरच्या गाईला पाच ते सहा किलो लागते. म्हणजे तुमची ११ किलो दोन दुभत्यांनाच पुरते. मग एक तर कालवडी आणि आटलेली गाय पेंडेविना आहेत, नाहीतर सगळ्यांना सारखी वाटली जाते. सारखी वाटत असाल तर ते आजच थांबवा. आटलेली गाय गाभण आहे का, हे पत्रात नाही. असेल तर व्यायच्या आधीच्या तीन आठवड्यांत तिची पेंड हळूहळू दोन-तीन किलोपर्यंत न्या, नाहीतर पुढचं वेतही हलकं जाईल.

उलटणाऱ्या गाईचं काम क्रमानं करा. माज बहुधा रात्री उशिरा किंवा पहाटे दिसतो. पहाटे पाचला आणि रात्री नऊला वीस-वीस मिनिटं नुसतं उभं राहून बघायचं, धार काढता काढता नव्हे. दुसरं जनावर अंगावर चढलं तरी ती स्थिर उभी राहते, ती माजाची पक्की खूण. सकाळी माज दिसला तर रेतन संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. बळस (माजात योनीतून येणारा चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ हवा. त्यात पांढऱ्या-पिवळ्या गाठी दिसल्या तर भरवू नका, आधी गर्भाशयाचा उपचार. रेतन करणारा गोठवलेल्या रेताची नळी कशी वितळवतो तेही बघा. ३७ अंशाच्या पाण्यात ३० सेकंद हा नियम आहे. खिशात किंवा हातावर चोळून वितळवलेल्या नळीचा भरवसा नाही.

चार वेळा उलटलेल्या गाईला पाचव्यांदा तसंच भरवण्यात अर्थ नाही. आधी पशुवैद्यकाकडून गर्भाशय आणि बीजांडकोश तपासून घ्या, जंतनाशक द्या, रोज ५० ते ६० ग्रॅम खनिज मिश्रण सलग दोन महिने द्या. उपचारानंतर आणखी दोन माज बघा. चुकलेला एक माज म्हणजे २१ दिवस. भाकड गाईचा रोजचा खर्च शंभर रुपये धरला तरी २१०० रुपये गेले. त्यानंतरही नाही ठरली तर ती गाय ठेवू नका. गोठा मोडायचा निर्णय मात्र सहा महिने पुढे ढकला, आणि तोवर प्रत्येक गाईची व्याल्याची, माजाची, भरवल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. आमच्या मते तुमचा गोठा दरानं नाही, तारखा चुकल्यानं तोट्यात आहे.

प्रश्न (इंदापूर तालुका) : आमच्या गाईच्या दुधाला फॅट ३.६ लागते, पण डिग्री २८च्या वर जात नाही. पाण्याचा थेंब घालत नाही, तरी पॉइंट कापतात आणि वर संशय घेतात. मी रोज स्वतः धार काढते. चूक गाईत आहे की केंद्रावर?

उत्तर : ताई, दोन्हीकडे असू शकते, आणि ती वेगळी काढता येते. आधी हिशोब समजून घ्या. डिग्री म्हणजे लॅक्टोमीटरचं, म्हणजे दुधाची घनता मोजणाऱ्या नळीचं वाचन. त्यावरून आणि फॅटवरून एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन घटक) काढतात : डिग्री भागिले ४, अधिक फॅटचा ठरावीक हिस्सा, अधिक एक ठरावीक आकडा. हा हिस्सा आणि हा आकडा सगळीकडे सारखा नसतो. फॅटला ०.२नं गुणून ०.३६ मिळवलं, तर तुमच्या दुधाचा एसएनएफ ७ + ०.७२ + ०.३६ = ८.०८ येतो. फॅटला ०.२५नं गुणून ०.४४ मिळवलं, तर त्याच दुधाचा ८.३४ येतो. दूध तेच, गाय तीच, फरक अडीच पॉइंटांचा (०.१ एसएनएफ म्हणजे एक पॉइंट). पॉइंटला ३० पैसे कपात असेल, तर लिटरमागे पाऊण रुपया नुसत्या सूत्रात गेला. तेव्हा पहिला प्रश्न केंद्रावर हा विचारा : तुमचं सूत्र कोणतं? ते दरपत्रकाशेजारी लावायला सांगणं हा तुमचा हक्क आहे.

दुसरं तापमान. लॅक्टोमीटर ज्या तापमानाला बेतलेला असतो, ते बहुधा २७ अंश असतं. दूध त्याहून जितके अंश गरम, तितक्या अंशांना प्रत्येकी ०.२ डिग्री वाचनात मिळवावी लागते. धारोष्ण दूध ३५ अंशाला मोजलं आणि दुरुस्ती केली नाही, तर १.६ डिग्री कमी दिसते. म्हणजे तुमच्या २८ची खरी डिग्री २९.६ असू शकते, आणि मग ०.३६च्या सूत्रानंही एसएनएफ साडेआठाला टेकतो. फेसाळ दुधातही वाचन खोटं पडतं. दूध काढून अर्धा तास थंड पाण्यात ठेवून, फेस बसवून मग केंद्रावर न्या. यंत्रावर मोजत असतील तर नमुन्यात हवेचे बुडबुडे नकोत. यंत्र रोज धुतलं जातं का आणि शेवटचं जुळवून कधी घेतलं, हे विचारा. नमुना काढण्याआधी कॅनमधलं दूध तळापासून ढवळलंच पाहिजे. शंका टिकली तर एकच दूध दोन बाटल्यांत भरून एकाच दिवशी दोन ठिकाणी तपासा. फॅटचा वाद असेल तर गर्बर पद्धतीची (आम्लानं फॅट वेगळी करून मोजायची) तपासणी मागा.

आता घरचं. कॅन धुऊन पालथा घालता ना? दहा लिटर दुधाच्या कॅनमध्ये तळाशी २०० मिलिलिटर पाणी राहिलं, तर ते दोन टक्के झालं आणि डिग्री ०.६नं उतरली. पाणी न घालताही पाणी घातल्याचा आरोप असा येतो.

गाईच्या बाजूनं एक साधी खूण लक्षात ठेवा : फॅट घटली तर चाऱ्याकडं बघा, डिग्री घटली तर पेंडेकडं बघा. फॅट रवंथ करण्याजोग्या लांब धाग्याच्या चाऱ्यावर अवलंबून असते, एसएनएफ गाईला मिळणाऱ्या ऊर्जेवर. तुमची फॅट ठीक आहे, डिग्री कमी आहे. म्हणजे चारा पुरेसा आणि दाणा अपुरा असण्याची शक्यता जास्त. मक्याचा भरडा रोज एक किलो वाढवा, पण एकदम नको. पाव-पाव किलोनं, आठ-दहा दिवसांत. एकदम वाढवला तर पोटात आम्लता होऊन गाय वैरण सोडते आणि फॅटही जाते. उन्हाळ्यात एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय धापा टाकते तेव्हा खाणं कमी होऊन डिग्री उतरतेच. तेव्हा पेंड आणि चांगली वैरण पहाटे आणि रात्री द्या, पाणी चोवीस तास समोर ठेवा.

शेवटचं कारण सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे : लपलेला कासदाह. कास सुजत नाही, दूध फुटत नाही, पण एसएनएफ घटतो. चारही सडांचं दूध वेगवेगळ्या वाटीत घ्या, तितकंच कासदाह चाचणीचं द्रावण टाका आणि वाटी फिरवा. एखाद्या सडाचं दूध शेंबडासारखं घट्ट झालं तर तो सड आजारी. औषध दुकानातलं द्रावण नसेल तर धुण्याच्या पावडरीचं तीन टक्के द्रावणही अंदाज देतं. ते तपासलेलं दूध मात्र फेकून द्यायचं. धार संपल्यावर प्रत्येक सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि गाय अर्धा तास खाली बसू देऊ नका. सडाचं तोंड मिटायला तेवढा वेळ लागतो. गव्हाणीत ताजी वैरण टाकली की ती आपोआप उभी राहते.

तुम्ही विचारलं नाही तरी एक सांगून ठेवतो. वजनकाटा १०० मिलिलिटरच्या टप्प्यानं मोजत असेल आणि वरचं सोडून देत असेल, तर दर वेळी सरासरी ५० मिलिलिटर जातात. दोन वेळचे १००, वर्षाचे ३६ लिटर. काटा १० मिलिलिटरपर्यंत दाखवणारा असावा, हा आग्रह सगळ्यांनी मिळून धरा.

प्रश्न (डोंबिवली) : गाईच्या दुधाची पिशवी आम्ही पन्नासच्या पुढे घेतो. मग शेतकऱ्याला तीसच्या आसपास का मिळतात? सरकार दर ठरवून देत नाही का?

उत्तर : मधले टप्पे बरेच आहेत : संकलन केंद्राचं कमिशन, थंड करणं, टँकर, प्रक्रिया, पिशवी, वितरक, दुकानदार. पण शेतकऱ्याचा दर खाली ओढणारी गोष्ट तुमच्या पिशवीत नाही, पावडरीच्या पोत्यात आहे. महाराष्ट्रातलं गाईचं दूध शहरांच्या गरजेपेक्षा जास्त असल्यानं त्याचा मोठा हिस्सा पावडर आणि लोणी करण्याकडे जातो. १०० लिटर गाईच्या दुधातून साधारण पावणेनऊ किलो पावडर आणि सव्वाचार किलोच्या आसपास लोणी निघतं. म्हणजे पावडर किलोमागे दहा रुपयांनी पडली, की दुधाचं मोल लिटरमागे ऐंशी-नव्वद पैशांनी उतरतं. ती वीस-तीस रुपयांनी पडली की प्रकल्प खरेदी दर दोन-अडीच रुपयांनी उतरवतात, आणि पिशवीचा दर तसाच राहतो. हे बहुधा हिवाळ्याच्या तोंडाला होतं, कारण तेव्हा दूध वाढलेलं असतं.

सरकारनं वेळोवेळी दर जाहीर केले. जुलै २०१८च्या आंदोलनानंतर २५ रुपये ठरले. जुलै २०२३मध्ये ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला ३४ रुपये जाहीर झाले. पुढे रीत बदलली : जानेवारी २०२४पासून दूध संघांनी किमान २७ द्यायचे आणि सरकारनं ५ रुपये अनुदान, जुलैत ३० अधिक ५, ऑक्टोबरमध्ये २८ अधिक ७. या आकड्यांकडे नीट पाहिलं तर कळेल की सरकारचा वाटा वाढला तेव्हा खरेदीदाराचा वाटा उतरला. उसाला ऊस नियंत्रण आदेशाखाली रास्त आणि किफायतशीर दर देणं कारखान्याला कायद्यानं भाग आहे. दुधाला असा आधार नाही. आमच्या मते लहान गोठ्याला टप्प्याटप्प्याच्या अनुदानापेक्षा या आधाराची जास्त गरज आहे. अनुदानाला जनावराच्या कानातला बिल्ला, त्याची ऑनलाइन नोंद आणि आधार जोडलेलं बँक खातं लागत होतं. चार गाईंतल्या दोघींचे बिल्ले पडलेले, खातं सासऱ्यांच्या नावावर, अशा घरांचे पैसे अडकले.

आणखी एक विसंगती. ग्राहकाला विकायच्या गाईच्या दुधाचा किमान निकष ३.२ फॅट आणि ८.३ एसएनएफ आहे. शेतकऱ्याच्या दराचा पाया मात्र ३.५ आणि ८.५. मधल्या पॉइंटांची कपात शेतकऱ्याच्या अंगावर पडते.

तुमच्या हातात काय आहे, असं विचाराल तर जवळच्या गावातला रतीब. शहरालगतचे लहान गोठे आज टिकलेत ते बहुधा घरपोच दुधावर. ते दूध उकळूनच घ्या आणि महिन्याचे पैसे वेळेवर द्या.

प्रश्न (करमाळा तालुका) : तीन गाई, पाण्याखालची एक एकर. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत वैरण विकत घ्यावी लागते आणि सगळा नफा तिथं जातो. कडबाही परवडत नाही. तीन गाईंसाठी मुरघास (हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा) करणं जमेल का? सगळे मोठ्या खड्ड्याचं सांगतात.

उत्तर : जमेल, पण खड्डा करू नका. आधी तुमच्या कडब्याबद्दल. घरची ज्वारी होती तोवर कडबा जवळजवळ फुकट होता, आणि लहान गोठा त्याच्यावरच उभा होता. उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेनं संकरित गाई गावोगाव नेल्या, दूध महापूर योजनेनं संकलन उभं केलं, तेव्हा दावणीला घरचीच वैरण होती. ज्वारीची जागा ऊस, सोयाबीननं घेतली आणि गाय तशीच राहिली. विकतच्या पेंडेवर गोठा कसाबसा चालतो. पेंड आणि वैरण दोन्ही विकत घेतली तर दोन-चार गाईंचा गोठा चालत नाही. म्हणून तुमचा प्रश्न आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

गरज काढा. गाईला रोज १८ किलो मुरघास, तीन गाई, १५० दिवस : ८,१०० किलो. नासधूस धरून नऊ टन. चांगल्या चारा मक्याचं एकरी १५ ते २० टन उत्पन्न येतं, म्हणजे वीस-पंचवीस गुंठे मका पुरतो. आफ्रिकन टॉल ही चाऱ्याची ओळखीची जात आहे.

खड्डा का नको? उघडलेल्या मुरघासाचा पुढचा थर रोज निदान १५ सेंटिमीटर निघाला पाहिजे, नाहीतर हवा शिरून तो तापतो आणि बुरशी धरतो. तीन गाई रोज ५४ किलोच खाणार. मोठ्या खड्ड्याचा थर तेवढ्यानं हलतही नाही. एक टनाची पिशवीही तुम्हाला १८ दिवस पुरेल, आणि एप्रिलच्या उन्हात ती शेवटच्या आठवड्यात नासते. ५०० किलोची पिशवी नऊ दिवसांत संपते. तेच तुमचं माप. अशा १८ पिशव्या लागतील, आतून प्लॅस्टिकचं अस्तर असलेल्या.

कापणीची वेळ चुकली की पुढचं सगळं चुकतं. कणसाचा दाणा मोडून बघा. दाण्यावरची दुधाची रेघ अर्ध्यावर आली असेल आणि दाणा कणकेसारखा दबत असेल, तर कापा. कुट्टी करून मूठभर घट्ट आवळा. बोटांतून पाणी गळलं तर मका कोवळा आहे, दोन-चार दिवस थांबा. मूठ उघडल्यावर गोळा राहून हळूहळू सुटला तर ओलावा बरोबर, ६५ ते ७० टक्के. लगेच विस्कटला तर उशीर झाला; तो नीट दबत नाही, हवा राहते आणि बुरशी येते.

कुट्टी दीड-दोन सेंटिमीटरची. पिशवीत १५ सेंटिमीटरचा थर टाकायचा, कडेकडेनं पायानं तुडवायचा, मग पुढचा थर. कोपरे राहतात आणि नासतात ते तिथंच. एक पिशवी एका दमात भरून त्याच दिवशी बांधा. अर्धी भरून रात्रभर ठेवली तर ती गेली. मक्यात साखर पुरेशी असते, त्यामुळे गूळ किंवा कल्चर लागतंच असं नाही. तोंडातली हवा दाबून काढा, अस्तर पिळून दोरीनं आवळा. पिशव्या सावलीत, जमिनीपासून उंच ठेवा आणि उंदरांवर लक्ष ठेवा. एक भोक पिशवीभर बुरशी आणतं. दिसलं की त्याच दिवशी चिकटपट्टी लावा.

४५ दिवसांनी उघडा. रंग पिवळसर हिरवा, वास आंबूस-गोडसर हवा. कुबट, सडका वास आला किंवा काळा-पांढरा थर दिसला तर तो भाग काढून उकिरड्यावर टाका. बुरशीचं विष दुधातही उतरतं, तेव्हा "थोडासाच आहे" म्हणून गव्हाणीत टाकू नका. पहिल्या दिवशी पाच किलो, मग आठ-दहा दिवसांत १८ किलोवर या. सोबत तीन-चार किलो सुकी वैरण राहू द्या. मुरघास धारेनंतर घाला, आधी घातला तर दुधाला वास लागतो. लहान वासरांना देऊ नका.

राहिलेल्या जागेत दहा गुंठे संकरित नेपियर आणि पाच गुंठे लसूणघास धरा. लसूणघास असला तर पेंडेतली प्रथिनं थोडी कमी करता येतात.

प्रश्न (कागल तालुका) : गळीत हंगामात गाई-म्हशींना चार-पाच महिने वाढ्यावरच (उसाच्या हिरव्या शेंड्यांवर) ठेवतो. व्यायल्यावर जनावर बसतं. संबंध आहे का?

उत्तर : आहे. वाढ्यात ऑक्झलेट नावाचं द्रव्य जास्त असतं, ते पोटातल्या कॅल्शियमला बांधून टाकतं आणि शेणावाटे घालवतं. व्यायल्यावर चिकात आणि दुधात कॅल्शियम एकदम जातं, साठा आधीच रिकामा असतो, म्हणून जनावर बसतं. वाढं एकूण हिरव्या वैरणीच्या निम्म्याहून जास्त नको. कुट्टी करून त्यावर चुन्याची निवळी शिंपडा आणि दोन तासांनी घाला. खनिज मिश्रण दुभत्या जनावराला हंगामभर चुकवू नका. बसलेल्या जनावराला मात्र घरी तोंडानं कॅल्शियम पाजत वेळ घालवू नका. शिरेतून सलाईन लागतं, आणि ते हृदयाच्या ठोक्यांकडे लक्ष ठेवून सावकाश द्यावं लागतं. ते पशुवैद्यकाचं काम आहे.

प्रश्न (जुन्नर तालुका) : सलग तीन गोऱ्हे झाले. ते विकतही नाहीत, सांभाळवतही नाहीत.

उत्तर : गोवंश हत्याबंदीचा १९९५चा सुधारित कायदा २०१५मध्ये राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर लागू झाला, आणि बैल-वळूही त्यात आले. ट्रॅक्टरमुळे संकरित गोऱ्ह्याला शेतीतही मागणी राहिली नाही. त्याचा पोसण्याचा खर्च सगळ्यात जास्त लहान गोठ्याच्या अंगावर आला. यावर व्यवहारी उपाय लिंगनिर्धारित रेतमात्रेचा : दहात साधारण नऊ कालवडी होतात. पण त्या मात्रेत शुक्राणू कमी असतात, त्यामुळे गाभण राहण्याचं प्रमाणही कमी. ती पहिलारू कालवडीला किंवा पहिल्या-दुसऱ्या वेतातल्या निरोगी गाईला, नैसर्गिक आणि स्पष्ट माजावरच वापरा. उलटणाऱ्या गाईवर ती वाया जाते. झालेल्या गोऱ्ह्याला चीक मात्र पोटभर पाजा. पहिल्या दोन तासांत वजनाच्या पाच टक्के, म्हणजे दीड लिटरच्या आसपास, आणि दिवसभरात तेवढाच पुन्हा.

प्रश्न (माण तालुका) : आम्ही दोघंही पासष्टीच्या पुढे. मुलं पुण्यात. तीन गाई आहेत, आता धार होत नाही. मन होत नाही, पण गोठा बंद करायचा आहे. नुकसान न होता कसा करावा?

उत्तर : तुमचा निर्णय योग्य आहे. घाईनं मात्र करू नका. एकाच बाजारात तिन्ही गाई नेल्या तर व्यापारी अडचण ओळखतो आणि भाव पाडतो. सहा-आठ महिने घ्या.

ताजी व्यायलेली, किंवा सहा-सात महिन्यांची गाभण गाय चांगल्या भावानं जाते. भाकड, न ठरलेली गाय सगळ्यात कमी भावात जाते. तेव्हा कोणती गाय कोणत्या महिन्यात या अवस्थेत येते, ते लिहून त्याच क्रमानं विका. शक्यतो गावातल्या किंवा शेजारच्या शेतकऱ्याला, घरीच. घेणाऱ्याला दोन वेळची धार स्वतः काढून बघू द्या. भाव बाजारापेक्षा चांगला येतो आणि गाय कुठे गेली हे तुम्हाला माहीत राहतं. रेतनाच्या आणि लसीच्या तारखा लिहिलेला कागद सोबत द्या.

गाय विकण्याआधी तीन कागद बघा. गाईवर बँकेचं कर्ज असेल तर आधी ते मिटवून दाखला घ्या. विमा असेल तर विमा कंपनीला कळवा, आणि कानातला बिल्ला जागेवर आहे ना ते बघा. दूध संस्थेकडं तुमची ठेव, भाग (शेअर) आणि वर्षाचा दरफरक किती जमा आहे ते लेखी मागा. संस्थेत दूध थांबलं की बरेच सभासद ठेव मागायचंच विसरतात.

झेपत असेल तर एक गाय घरच्यापुरती ठेवायचा विचार करा, पण धार काढायला शेजारचं कुणी पक्कं असेल तरच. नसेल तर तीही विका.

शेताचं काय, हेही आत्ताच ठरवा. एक मोठी गाय रोज १५ ते २० किलो शेण देते. तीन गाई म्हणजे वर्षाला १६ टनांच्या पुढे ओलं शेण, आणि इतकी वर्षं ते तुमच्याच रानात गेलं. गाई गेल्यावर पहिलं वर्ष फरक दिसणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जमीन कडक लागते आणि पाणी धरत नाही. शेवटच्या वर्षाचं शेण विकू नका. सावलीत ढीग करून, ओलसर ठेवून, पावसाळ्यात वरून झाकून कुजवा आणि खरिपाआधी सगळ्यात हलक्या रानात टाका. पुढच्या वर्षापासून पेरणीआधी ताग पेरून फुलोऱ्यावर, साधारण सहा-सात आठवड्यांनी, गाडायचा. ताग गाडायला ट्रॅक्टरवाला लागेल, त्याची वेळ आधीच ठरवून ठेवा.